मॅकवर ‘लीथल कंपनी’: सुरू तर होईल, पण भीती वाटेल का?

प्रश्न थोडक्यात असा: एम२ चिपचा मॅकबुक एअर आहे, रॅम ८ जीबी. हॉस्टेलवरच्या तिघी मैत्रिणी आपापल्या विंडोज लॅपटॉपवर ‘लीथल कंपनी’ (चौघांनी मिळून परक्या चंद्रांवर उतरायचं, कारखान्यांत शिरून भंगार गोळा करायचं आणि भुतांपासून वाचायचं, असा हॉरर गेम) खेळतात, चौथी जागा रिकामी आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याच्या पानावर मात्र फक्त विंडोजचं चिन्ह दिसतं. ‘काका, माझ्या मॅकवर हा गेम चालेल का? आणि चालला तर नीट चालेल का?’

काका म्हटलंस, तेव्हा ‘तू’च म्हणतो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: चालेल. दुसऱ्यासाठी जरा बैठक मारावी लागेल.

एकेकाळी या प्रश्नाला मी एका ओळीत वाटेला लावायचो. क्रॉसओव्हर (विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, त्यात स्टीम टाक, खेळ. मग स्वतः रात्री जागून खेळायला लागलो आणि कळलं की आपण अर्धवट सल्ला देत होतो. गाड्यांच्या किंवा गोळीबाराच्या गेममध्ये सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, किती मिळतात यावर बरंचसं भागतं. हॉररचं तसं नाही. तो चाळीस फ्रेमवरही अंगावर काटा आणतो आणि साठ फ्रेमवरही पांचट होऊ शकतो. त्याचा सगळा धंदा आवाज, अंधार आणि नेमक्या क्षणावर चालतो. आणि परक्या मशीनवर गेम चालवताना पहिली कुरबुर होते ती नेमकी तिथेच. फ्रेमचा आकडा छान दिसत असतो, म्हणून कोणी तिकडे बघत नाही.

आधी आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढे काही अडलं तर कुठे हात घालायचा ते कळेल. ‘लीथल कंपनी’ झीकर्स या टोपणनावाच्या एकाच माणसाने बनवलेला गेम. ऑक्टोबर २०२३मध्ये तो पूर्ण होण्याआधीच विक्रीला, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. गेम बनवायच्या युनिटी इंजिनवर बांधलेला, इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी, विंडोजसाठी आणि चित्र काढायला डायरेक्टएक्स ११ वापरणारा. तुझ्या मॅकमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून मध्ये तीन दुभाषे बसवावे लागतात. प्रोसेसरची भाषा बदलतो अ‍ॅपलचाच रोझेटा २. विंडोजची भाषा समजतो वाइन, १९९३पासून चालत आलेला प्रकल्प. आणि चित्राची भाषा, म्हणजे डायरेक्टएक्सची मेटल (ही अ‍ॅपलची), करतो अ‍ॅपलचा डीथ्रीडीमेटल, जो जून २०२३मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटबरोबर आला. त्यापूर्वी इथे दोन दुभाषे लागायचे: डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सचं व्हल्कन (चित्राची तिसरीच एक भाषा) करायचा आणि मॉल्टनव्हीके त्या व्हल्कनचं मेटल. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थाचाही मध्यस्थ असावा, तशी गत.

हे तिघं प्रामाणिकपणे काम करतात. पण नवा शब्द आला की क्षणभर थांबतात. हा ‘क्षणभर’ लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता मार्ग कोणता घ्यायचा. क्रॉसओव्हर हे विकतचं सॉफ्टवेअर आहे, पण १४ दिवस फुकट वापरता येतं. ते बनवणारी कोडवीव्हर्स ही कंपनी वाइनमध्ये स्वतः मोठी भर घालते, त्यामुळे पैसे गेले तरी योग्य हातात जातात. व्हिस्की नावाचं फुकट अ‍ॅप होतं, देखणं होतं, पण २०२५मध्ये त्याची देखभाल थांबली. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून त्याचीच शिफारस ऐकशील, तिकडे जाऊ नकोस. पॅरलल्स वापरून मॅकच्या आतच अख्खं विंडोज टाकता येतं, पण ८ जीबी रॅममध्ये एक घर चालवायचं की दोन? मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करायची सोय, बूट कॅम्प, तर इंटेलच्या मॅकवरच होती. आसाही लिनक्स, म्हणजे मॅकसाठी बनवलेलं लिनक्स, एम१-एम२वर चालतं आणि ऑक्टोबर २०२४पासून त्यात विंडोजचे गेमही चालतात, माझ्यासारख्या हौशी माणसाला ते फार आवडतं. पण तुला मैत्रिणींबरोबर शनिवारी खेळायचंय, त्यासाठी डिस्कचं विभाजन करत बसू नकोस. क्लाउडवरून गेम खेळणं मला हॉररसाठी पटत नाही. तिथे आपल्याकडे येतो तो व्हिडिओ, आणि दाबलेल्या व्हिडिओत सगळ्यात आधी बळी जातो तो अंधाराचा. काळोख्या बोळात करड्या रंगाचे चौकोन नाचताना दिसले की भूत काय करणार बिचारं.

तर क्रॉसओव्हर. आणि आता पैशांचं गणित, कारण हॉस्टेलवर ते महत्त्वाचं. स्टीम गेमचे पैसे परत देतं, पण दोन अटींवर: घेऊन १४ दिवसांच्या आत मागायचे आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या खाली हवा. दोन्हीकडे १४ दिवस आहेत, हे आपल्या पथ्यावर पडतं. पण ते दोन तास फसवे आहेत. गेमची खिडकी काळी होऊन बसली आणि तू सेटिंग शोधत राहिलीस, तरी घड्याळ चालूच असतं. म्हणून गेम आधी घ्यायचा नाही. आधी क्रॉसओव्हर टाक, त्याच्या यादीतून स्टीम निवड, लॉगिन कर आणि एखादा फुकट मिळणारा छोटा युनिटी गेम किंवा डेमो चालवून बघ. तिथे आवाज, माउस, पडदा सगळं जमलं की मग ‘लीथल कंपनी’ विकत घे.

मॅकवर आधीपासून स्टीम असेल, तर गोंधळू नकोस. ते मॅकचं स्टीम, त्यात विंडोजचा गेम इन्स्टॉलच होत नाही. क्रॉसओव्हरच्या बॉटलमध्ये (त्यांच्या भाषेत विंडोजच्या प्रत्येक खोट्या संसाराला बॉटल म्हणतात) दुसरं, विंडोजचं स्टीम बसतं. पहिल्यांदा उघडताना त्याची खिडकी काळी किंवा पांढरी दिसली तर घाबरू नकोस. स्टीमची खिडकी आतून ब्राउझरच असते आणि त्याला पहिल्या वेळी जमायला वेळ लागतो. दोन मिनिटं थांब, मग बंद करून पुन्हा उघड.

बॉटलच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्ससाठी काही पर्याय दिसतील. आधी डीथ्रीडीमेटल ठेव. चित्र फाटलं, धुकं चौकोनी दिसलं किंवा गेम बंद पडला, तर डीएक्सएमटी करून बघ. हाही डायरेक्टएक्स ११ थेट मेटलमध्ये आणतो आणि काही युनिटी गेमना तो जास्त मानवतो. खाली सिंकच्या पर्यायात एमसिंक. हाय रेझोल्यूशन मोड बंद. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते कळायचंच नाही. लोक पाच बटणं एकदम फिरवतात आणि मग ‘आपोआप चालू झालं’ म्हणून सांगतात.

इथे या गेमची एक गंमत सांगायला हवी. त्याचं ते खरखरीत, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यासारखं दिसणं मुद्दाम केलेलं आहे. आतमध्ये चित्र जेमतेम ८६० बाय ५२० ठिपक्यांचं बनतं आणि मग ताणून पडद्यावर मोठं केलं जातं. त्यामुळे ‘रेझोल्यूशन कमी कर, गेम पळेल’ हा नेहमीचा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही. जड आहे ते त्यातलं धुकं आणि त्या धुक्यातून पसरणारा प्रकाश. म्हणजे बाहेर, धुकट चंद्रावर, फ्रेम पडतील आणि आत कारखान्यात बरं वाटेल. फ्रेमरेटची मर्यादा गेमच्या सेटिंगमध्ये आहे, ती साठवर बांध. तुझ्या एअरला पंखा नाही. अर्ध्या तासाने तो तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो, मे महिन्यात तर विचारूच नकोस. गादीवर, रजईवर ठेवून खेळू नकोस. तरीही साठ टिकले नाहीत तर सरळ तीसवर बांध. सतत तीस परवडले, पण साठवरून पंचवीसवर आपटणं नको. क्रोम बंद कर, ८ जीबी रॅम प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून खायची आहे.

आता आवाज. निम्म्याहून जास्त मुक्काम मी इथेच करणार आहे.

या गेममध्ये बोलणं हाच खेळ आहे. जवळ असलेलीचा आवाज मोठा येतो, लांब गेलेलीचा बारीक होत जातो आणि मग एकदम बंद होतो. तो बंद होणं हीच या गेममधली सगळ्यात भयंकर गोष्ट. आणि ऐकणाऱ्या फक्त मैत्रिणी नसतात. डोळे नसलेले कुत्रे आहेत, त्यांना दिसत काहीच नाही, ते आवाजावर येतात, तुझ्या माइकमधल्या आवाजावरसुद्धा. म्हणजे माइक बिघडला तर फक्त गप्पा थांबत नाहीत, गेमचा नियमच बदलतो.

मी पहिल्या रात्री काय केलं ते ऐक. गेम पूर्ण पडद्यावर होता. मॅक पहिल्यांदा माइक वापरताना परवानगी विचारतो, पण ती चौकट गेमच्या मागे उघडली, मला दिसलीच नाही. वीस मिनिटं मी बोलतोय, सूचना देतोय, आणि बाकीचे तिघं मला ओलांडून निघून जातायत. मला वाटलं, चिडवतायत. मग यानाच्या बाहेर कुत्रा आला. मी आणखी जोरात ओरडलो, ‘कुत्रा, कुत्रा, हलू नका!’ कुत्र्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायको मात्र आतल्या खोलीतून उठून आली. ‘कसला कुत्रा? दार लावलं नाहीस का?’ रात्रीचा एक वाजला होता.

तेव्हा गेम सुरू करण्यापूर्वीच सिस्टीम सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे मायक्रोफोन, आणि क्रॉसओव्हरपुढचं बटण सुरू आहे ना ते पाहा. परवानगी गेमच्या नावाने नसते, क्रॉसओव्हरच्या नावाने असते. मग गेमच्या सेटिंगमध्ये योग्य माइक निवडलाय का ते बघ. डोक्यावर पंखा घरघरत असेल तर बटण दाबून बोलण्याचा पर्याय ठेव.

दुसरी चूक जवळजवळ सगळे करतात: वायरलेस इअरबड. ब्लूटूथवर नुसतं ऐकत असतेस तोवर आवाज सुरेख असतो. पण त्याच इअरबडचा माइक सुरू झाला की ते हेडसेट मोडमध्ये जातात आणि आवाज टेलिफोनसारखा बसका, बहुतेक वेळा एकसुरी होतो. डावं-उजवं संपलं. पावलं मागून आली की डावीकडच्या जिन्यावरून, हे कळणं हाच या गेममध्ये जगण्याचा उपाय आहे. वर ब्लूटूथमुळे आवाज किंचित उशिरा येतो तो वेगळाच. लोक मग लिहितात, ‘मॅकवर गेमचा आवाज खराब येतो.’ त्यात वाइनचा काही दोष नसतो. रस्त्यावर मिळणारा वायरचा माइकवाला इअरफोन घे, एअरला अजून गोल भोक आहे, तिथे लाव. वायरलेसच वापरायचे असतील तर ऐकण्यासाठी इअरबड आणि बोलण्यासाठी मॅकचा आतला माइक, अशी विभागणी कर.

आवाजात कडकड येत असेल तर ती मात्र वेगळी गोष्ट. तिथे खरोखर दुभाष्यांची दमछाक झालेली असते. फ्रेम बांधल्यावर ती बहुधा थांबते.

आता तो ‘क्षणभर’. ग्राफिक्स कार्डाला एखादी नवी वस्तू कशी रंगवायची याचा छोटा प्रोग्राम लागतो, त्याला शेडर म्हणतात. विंडोजवर तो थेट तयार होतो. तुझ्याकडे तो आधी मेटलच्या भाषेत येतो, मग तयार होतो, आणि तेवढ्या वेळात चित्र गचका खातं. एकदा तयार झाला की साठवून ठेवला जातो, दुसऱ्या वेळी गचका बसत नाही. आता विचार कर, हॉरर गेममध्ये पहिल्यांदाच दिसणारी गोष्ट कोणती असते?

माझ्या बाबतीत असं झालं. एका लोखंडी दाराशी उभा होतो, पलीकडे काळोख. काहीच घडलं नव्हतं. आणि अचानक चित्र अर्धा सेकंद थिजलं. माझ्या मनात आलं, ‘नवीन काहीतरी लोड होतंय.’ मी मागे सरलो. त्याच क्षणी कोपऱ्यातून स्प्रिंगच्या मानेचं ते भूत निघालं, ज्याच्याकडे बघत राहिलं तर ते जागचं हलत नाही. माझ्याबरोबरचा गडी विंडोजवर होता, त्याला गचका बसलाच नाही. तो गेला, मी वाचलो. तो अजून विचारतो, तुला कसं कळलं. जिंकलो म्हणून बरं वाटलं, पण खरं सांगायचं तर माझी भीती फुकट गेली. येणाऱ्याने आधी फोन करून यावं तसं झालं.

यावर पूर्ण इलाज नाही, निम्मा आहे. मैत्रिणींबरोबर बसण्यापूर्वी एकटीने एक-दोन फेऱ्या मार. एक्सपेरिमेंटेशन, अ‍ॅशुरन्स, वाव हे चंद्र फुकट आहेत, तिथे उतर, आत जा, टॉर्च लाव, जिने चढ, जमेल तेवढी भुतं बघून मर. पहिला कोटा, म्हणजे मुदतीत विकायच्या भंगाराची किंमत, १३०चा असतो आणि हातात तीन दिवस, तो पूर्ण करायच्या भानगडीत पडू नकोस. ही फेरी फक्त शेडर गोळा करायची. एवढ्याने भिंती, दारं, धुकं, हात-पाय यांचे गचके जातात. जी भुतं भेटली नाहीत त्यांचे राहतात. ग्राफिक्सचा पर्याय बदललास किंवा क्रॉसओव्हरचं नवं व्हर्जन टाकलंस, तर ही साठवण पुन्हा पहिल्यापासून करावी लागू शकते. म्हणून सगळं जमल्यावर हात लावू नकोस.

अंधाराचं थोडक्यात. ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस, तिन्ही बंद. नाहीतर खोलीतला दिवा मालवलास की मॅक पडदाही मंद करतो आणि तू गेमला शिव्या देतेस.

माउस हवाच. ट्रॅकपॅडवर हा गेम खेळू नकोस. हातातली वस्तू बदलायला चाक फिरवावं लागतं आणि मॅकच्या ट्रॅकपॅडवर बोट उचललं तरी स्क्रोल पुढे घरंगळत राहतो. चार खणांत टॉर्च शोधायला जाशील, आणि हातात येईल लोखंडी बोल्ट. माउसच्या सेटिंगमध्ये पॉइंटर अ‍ॅक्सेलरेशनही बंद कर, मान वळवताना फरक कळेल.

मैत्रिणींनी आमंत्रण पाठवलं की ते गेमवर तरंगत येईल अशी वाट बघू नकोस, स्टीमचा ओव्हरले वाइनमध्ये बहुधा उघडत नाही. बॉटलमधल्या स्टीमची मित्रयादी उघड आणि तिथून जॉइन कर. गेमचं व्हर्जन चौघींचं एकच हवं. कोणी जुन्यावर अडकली असेल तर मॅकला दोष देण्याआधी ते तपासा.

मैत्रिणी मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल) वापरत असतील तर एक गाठ आणखी सोडवावी लागेल. या गेमचे मॉड बेपिनएक्सवर चालतात आणि बेपिनएक्स गेममध्ये शिरतं ते विनएचटीटीपी नावाच्या डीएलएल फाइलच्या वेषात. वाइनकडे त्या नावाची स्वतःची फाइल असते, आणि तो आपलीच वापरतो. मॉड फोल्डरमध्ये सगळं नीट असतं, गेमही चालतो, फक्त मॉड कुठे दिसत नाहीत. बॉटलमधलं वाइन कॉन्फिगरेशन उघड, लायब्ररीजमध्ये विनएचटीटीपी हे नाव घाल आणि ‘नेटिव्ह, मग बिल्टइन’ असा क्रम ठेव. मला या एका ओळीने एक रविवार खायला लावला होता. पण सुरुवातीला मॉडविना खेळून बघ, मगच यात पड.

काही बिघडलं तर त्या झीकर्सला लिहू नकोस. एकटा माणूस आहे, आणि त्याने मॅकचं वचन दिलेलंच नाही. लोक म्हणतात, युनिटीत मॅकसाठी फक्त एक बटण दाबायचं असतं. बटण असतं, पण त्यामागे चाचणीसाठी मॅक विकत घेणं, अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर भरणं, आणि पुढची सगळी वर्षं तक्रारी ऐकणं असतं. तीच अडचण मैत्रिणींच्या विंडोजवरही आली, तरच ती गेमची. नाहीतर ती आपली, म्हणजे क्रॉसओव्हरवाल्यांची. त्यांच्याकडे पाठव, ते पैसेच त्याचे घेतात.

आणि ‘मॅकवर चालतो’ अशा शिक्क्यावरही फार भरवसा ठेवू नकोस. ऑक्टोबर २०१९मध्ये कॅटालिना नावाचं मॅकओएस आलं आणि ३२ बिटचे सगळे मॅक गेम एका रात्रीत मेले. खास मॅकसाठी बनवलेले कितीतरी जुने गेम आज मॅकवर उघडत नाहीत, आणि त्यांचीच विंडोजची प्रत क्रॉसओव्हरमध्ये सुरू होते. रोझेटाबद्दलही अ‍ॅपलने २०२५मध्ये सांगून टाकलंय: मॅकओएस २७पर्यंत पूर्ण सोय, त्यानंतर जुन्या गेमपुरता काही भाग. तेव्हा दरवर्षीच्या नव्या मॅकओएसवर पहिल्याच दिवशी उडी मारू नकोस. आधी क्रॉसओव्हरचं त्यासाठीचं व्हर्जन येऊ दे.

शेवटी सेव्ह फाइल. बॉटल पुसली की आतलं सगळं जातं. त्याआधी बॉटलचा सी ड्राइव्ह उघड, युजर्समध्ये क्रॉसओव्हर नावाचं फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, मग लोकललो, आणि आत झीकर्सच्या नावाने सुरू होणारं फोल्डर. ‘एलसी सेव्ह फाइल’ अशा नावाच्या फाइल तिथे दिसतील, त्या बाहेर काढून ठेव. शेजारीच प्लेयर नावाची लॉग फाइल असते. गेम बंद पडला की तो पुन्हा उघडण्यापूर्वी तिची प्रत कर, कारण नव्या फेरीत ती पुन्हा पहिल्यापासून लिहिली जाते. पुन्हा मला विचारायला येशील, तेव्हा ‘चालत नाही’ एवढंच लिहू नकोस, त्या फाइलच्या शेवटच्या वीस ओळी घेऊन ये.